पक्षांविना संसद कुणाच्या कामाची?

१७ डिसेंबर २०२२ रोजी ट्युनिशियात पक्षांच्या याद्या बाजूला सारून संसदेची निवडणूक झाली. यादीत सुमारे ९१ लाख मतदार होते, मतदान केलं जेमतेम सव्वादहा लाखांनी. म्हणजे ११.२ टक्के. दीड महिन्याने, २९ जानेवारी २०२३ ला, १३१ जागांसाठी दुसरी फेरी झाली. तिथेही ११.४ टक्क्यांच्या पुढे गाडी गेली नाही. राष्ट्रीय संसदेसाठी इतकं कमी मतदान जगात क्वचितच कुठे झालं असेल.

आणि हा कुठला देश? अरब जगातल्या उठावांची पहिली ठिणगी जिथे पडली तो. मतदानाची तारीखही मुद्दाम निवडलेली. १७ डिसेंबर २०१० ला सिदी बूझिद गावात मोहम्मद बुअझिझी या हातगाडीवर भाजी-फळं विकणाऱ्या तरुणाने, पालिकेच्या लोकांनी त्याचा वजनकाटा जप्त केल्यावर, स्वतःला पेटवून घेतलं. ४ जानेवारीला तो गेला आणि १४ जानेवारी २०११ ला तेवीस वर्षं सत्तेवर बसलेले झिने अल अबिदिन बेन अली सौदी अरेबियाला पळाले. तेव्हापासून क्रांतिदिन १४ जानेवारीला साजरा व्हायचा. राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी तो १७ डिसेंबरवर आणला आणि आपल्या नव्या संसदेचा मुहूर्तही तोच धरला. क्रांती अर्धवट राहिली होती, ती आता पुरी होणार, असं त्यांना सांगायचं होतं. ते ऐकायला दहातला एक आला.

निकालानंतर विरोधकांनी आणि अनेक भाष्यकारांनी त्या आकड्याचा एकच अर्थ लावला: जनतेने सईद यांना नाकारलं. लगेच राजीनाम्याची मागणीही झाली. हा अर्थ खरा असता तर मला आनंदच झाला असता, पण आकडे नीट पाहिले तर तसं दिसत नाही.

आधी टक्केवारीतली एक गफलत बाजूला काढू. नव्या राज्यघटनेवर २०२२ मध्ये झालेल्या सार्वमतापूर्वी निवडणूक आयोगाने मतदारांची नोंदणी आपोआप करायला सुरुवात केली, त्यामुळे यादी एकदम वीसेक लाखांनी फुगली. पूर्वी ज्याला मत द्यायचंय तोच नाव नोंदवायचा. म्हणून २०२२ ची टक्केवारी आधीच्या टक्केवारीशी जोडणं रास्त नाही. त्याऐवजी डोकी मोजावीत. २०११ च्या संविधान सभेसाठी साधारण ४३ लाख लोकांनी मत दिलं. २०१४ च्या संसदेसाठी जवळपास ३६ लाखांनी, २०१९ मध्ये साडेएकोणतीस लाखांनी. २०२२ मध्ये सव्वादहा लाखांनी. घसरण खरीच आहे आणि ती सईद यांच्या आधीपासून चालू आहे.

आता दुसरे आकडे घ्या. २०१९ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या निर्णायक फेरीत सईद यांना २७ लाखांहून जास्त मतं पडली. जुलै २०२२ मध्ये त्यांच्या नव्या राज्यघटनेला २६ लाख लोकांनी ‘हो’ म्हटलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते पुन्हा निवडून आले. तेव्हा एक प्रतिस्पर्धी उमेदवार तुरुंगातच होता, कित्येकांना उमेदवारीच मिळू दिली नव्हती आणि मतदान २८.८ टक्क्यांवर अडकलं होतं. तरीही सईद यांच्या नावापुढे २४ लाख मतं जमली. म्हणजे पाच वर्षांत या माणसामागची गर्दी थोडी ओसरली, पण विरली नाही. मग डिसेंबर २०२२ मध्ये ही पंचवीसेक लाख माणसं कुठे होती? बरीचशी घरीच बसली. सईद यांच्यासाठी जे घराबाहेर पडतात, तेच सईद यांनी दिलेल्या संसदेसाठी पडत नाहीत.

दुसऱ्या फेरीनंतर सईद स्वतःच म्हणाले की नव्वद टक्के लोक आले नाहीत, कारण संसदेला आता त्यांच्या लेखी काही अर्थ उरलेला नाही. त्यांचं हे निदान मला बरोबर वाटतं. फक्त संसदेचा अर्थ संपवण्यात त्यांचा केवढा हात होता, हे त्यांनी सांगितलं नाही. लोकांचा राग पक्षांवर होता. त्या रागाच्या आधाराने पक्ष बाजूला सारले गेले आणि पक्षांबरोबर संसदेतलं बळही गेलं. पक्ष भांडकुदळ असतील, भ्रष्ट असतील, पण सत्तेला अडवू शकेल असं संसदेत त्यांच्याखेरीज दुसरं काही तयार होत नाही. दीडशे सज्जन माणसं सुटी-सुटी बसवली तर ती सभा होते, संसद होत नाही.

हे म्हणताना २०११ ते २०२१ या दशकावर रंगसफेदी करायचं कारण नाही. त्या दशकाने दिलं पुष्कळ. २१७ जणांच्या संविधान सभेत इस्लामी विचारांच्या एन्नहदा पक्षाला ८९ जागा मिळाल्या आणि त्याने दोन धर्मनिरपेक्ष पक्षांबरोबर सरकार चालवलं. २०१३ मध्ये शोक्री बेलाइद आणि मोहम्मद ब्राहमी या दोन डाव्या नेत्यांचे खून झाले, देश फुटण्याच्या बेतात आला. तेव्हा कामगार महासंघ, उद्योजकांची संघटना, मानवी हक्क लीग आणि वकील संघटना या चौघांनी मध्यस्थी करून सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं. एन्नहदाने सत्ता सोडली. जानेवारी २०१४ मध्ये नवी राज्यघटना २१६ पैकी २०० मतांनी मंजूर झाली. त्या चौघांना २०१५ चं शांततेचं नोबेल मिळालं. शेजारी इजिप्तमध्ये लष्कर परत आलं होतं, लिबिया जळत होता, सीरियाचं स्मशान होत होतं. ट्युनिशियात मात्र पक्ष एकमेकांशी बोलत होते. पक्षांचं हे काम विसरता कामा नये, कारण पुढे सगळ्यांनी ते विसरायचंच ठरवलं.

मग बिघडलं कुठे? २०१४ च्या निवडणुकीत नव्याने उभ्या राहिलेल्या निदा तुनिस या धर्मनिरपेक्ष पक्षाला ८६ जागा मिळाल्या, एन्नहदाला ६९. एकमेकांना शिव्या देत मतं मागणारे हे दोघे निकालानंतर एकत्र सत्तेत बसले. देश शांत ठेवायला ते कदाचित गरजेचं होतं, पण मतदाराच्या हाती काय आलं? निदा तुनिस दोन वर्षांच्या आत फुटला. खासदार एका गटातून दुसऱ्या गटात असे फिरू लागले की तिथे त्याला ‘पक्षीय पर्यटन’ असं नावच पडलं. (मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.) सरकारं येत-जात राहिली. किनाऱ्यावरची शहरं आणि आतले जिल्हे यांच्यातली दरी तशीच राहिली. ज्या सिदी बूझिद, कासरीन, गफसामधून उठाव झाला, तिथल्या पोरांना दहा वर्षांनंतरही काम मिळत नव्हतं.

त्या संसदेचं सर्वात मोठं पाप मात्र याहून वेगळं आणि फारसं चर्चेत न आलेलं आहे. २०१४ च्या घटनेने एक घटना न्यायालय सांगितलं होतं. बारा न्यायाधीश: चार संसदेने निवडायचे, चार न्यायसंस्थेच्या परिषदेने, चार राष्ट्राध्यक्षांनी. निवडणुकीनंतर वर्षभरात ते उभं राहायचं होतं. संसदेतल्या चार नावांसाठी प्रत्येकी दोन-तृतीयांश, म्हणजे १४५ मतं लागत. मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या आणि २०१८ मध्ये एका नावावर एकमत झालं. उरलेल्या तीन नावांवर कधीच झालं नाही. एन्नहदाला वाटे समोरच्यांचा माणूस नको, समोरच्यांना वाटे एन्नहदाचा नको. सात वर्षं ते न्यायालय कागदावरच राहिलं. २०२१ मध्ये संसदेने आवश्यक मतांचा आकडा खाली आणायचा कायदा केला, तेव्हा सईद यांनी त्यावर सही करायला नकार दिला. मुदत केव्हाच उलटून गेली आहे, हे त्यांचं कारण. ते स्वतः घटनेचे प्राध्यापक. आपल्याला अडवू शकेल अशी एकमेव खुर्ची रिकामी आहे हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं?

२५ जुलै २०२१ च्या रात्री त्यांनी घटनेच्या ८० व्या कलमाचा आधार घेऊन पंतप्रधानांना घरी पाठवलं आणि संसद गोठवली. ते कलम उघडून पाहिलं तर त्यात स्पष्ट लिहिलं होतं की आणीबाणीच्या काळात संसद सतत अधिवेशनात राहील. म्हणजे जे कलम संसद चालू ठेवायला सांगतं, त्याच कलमाने संसदेला कुलूप लागलं. हे चूक आहे असं सांगण्याचा अधिकार ज्याचा, ते घटना न्यायालय अस्तित्वातच नव्हतं. पहाटे एन्नहदाचे नेते आणि सभापती रशीद घनुशी बार्दोमधल्या संसद भवनाच्या दारात पोचले. फाटक बंद, आत सैनिक. देशाच्या संसदेचा सभापती फाटकाबाहेर उभा राहून आत सोडा म्हणत होता आणि शहरात लोक मोटारींचे भोंगे वाजवत जल्लोष करत होते.

त्या जल्लोषाला मी नावं ठेवणार नाही. त्या महिन्यात कोविडने ट्युनिशियात हाहाकार माजवला होता, रुग्णालयांत प्राणवायू पुरत नव्हता. आणि जूनच्या अखेरीस भर सभागृहात, कॅमेऱ्यांसमोर, अबीर मुसी या विरोधी महिला खासदाराला एका पुरुष खासदाराने मारहाण केली होती. घरात माणूस दगावलेल्या कुटुंबाने टीव्हीवर हे पाहायचं आणि तरीही संसदेसाठी रस्त्यावर उतरायचं, अशी अपेक्षा कुणी कुणाकडून करू नये. राग खरा होता. तो कुठे वळवला गेला हा प्रश्न आहे.

तो वळवला गेला पक्ष या कल्पनेकडेच. १५ सप्टेंबर २०२२ च्या फर्मानाने निवडणुकीचा कायदा बदलला. २१७ जागांच्या १६१ झाल्या. पक्षांच्या याद्या गेल्या, प्रत्येक मतदारसंघातून एक माणूस, तोही वैयक्तिक उमेदवार. प्रचाराला सरकारी निधी नाही, पक्षाचा पैसा नाही. वर एक अट: चारशे मतदारांच्या साक्षांकित सह्या. त्यातल्या निम्म्या स्त्रियांच्या हव्यात आणि किमान एक-चतुर्थांश पस्तिशीच्या आतल्यांच्या.

ऐकायला ही अट किती छान वाटते! स्त्रिया, तरुण, सगळे आले. आता ती प्रत्यक्षात कशी चालते ते पाहा. कासरीनजवळच्या एखाद्या खेड्यातली शिक्षिका उभी राहू पाहते असं समजा. तिला चारशे माणसांना एकेक करून सरकारी कार्यालयात सही साक्षांकित करायला पाठवायचंय, ठरावीक दिवसांत, आणि एक मतदार एकाच उमेदवाराला सही देऊ शकतो. गाडीभाडं कोण देणार? दिवसाची मजुरी कोण भरून देणार? याद्या कोण ठेवणार? पूर्वी हे काम पक्षाचे कार्यकर्ते करत. आता ते ज्याच्याकडे भाऊबंद आहेत, टोळीचं बळ आहे, दुकान-धंदा आहे किंवा सरकारदरबारी वट आहे, तोच करू शकतो. ट्युनिशियाच्या आतल्या भागात ‘अरूश’, म्हणजे जुनी घराणी आणि कुळं, अजून जिवंत आहेत. पक्षांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत त्यांच्यावर थोडीफार मात केली होती. या कायद्याने त्यांना परत मैदान दिलं.

परिणाम उमेदवारांच्या यादीतच दिसला. १६१ जागांसाठी हजाराहून थोडे अधिक उमेदवार, त्यात स्त्रिया सुमारे एकशेवीस. दहा मतदारसंघांत एकच उमेदवार. परदेशातल्या ट्युनिशियन लोकांसाठी राखलेल्या दहा जागांपैकी सात जागांवर एकही नाही. १५४ जागा भरल्या, त्यात २५ स्त्रिया. २०१४ मध्ये २१७ पैकी ६८ होत्या. तेव्हाच्या कायद्याने पक्षाच्या यादीत स्त्री आणि पुरुष आळीपाळीने घालणं सक्तीचं होतं. अरब जगात त्या नियमाचं अप्रूप होतं, आणि तो नियम पक्षांच्या याद्या होत्या म्हणूनच शक्य होता. यादी गेली तसा नियम गेला, आणि स्त्रियाही गेल्या.

आयोगाच्या अध्यक्षांनी कमी मतदानाचं कारण दिलं ते असं की या वेळी परदेशी आणि राजकीय पैसा नव्हता, मतं विकत घेतली गेली नाहीत, म्हणून गर्दी नव्हती. म्हणजे आधीचे लाखो मतदार पैसे घेऊन आले होते? आपल्याच नागरिकांवर इतका मोठा आळ, तोही निवडणूक आयोगाच्या प्रमुखाने घ्यावा, याची मला चीड येते. निवडणुकीच्या त्या महिन्यात महागाई १० टक्क्यांवर होती. दूध आणि साखर दुकानांतून गायब होत होती. लोक का आले नाहीत याचं उत्तर वाण्याच्या दुकानासमोरच्या रांगेत मिळालं असतं.

पक्ष नकोत, माणूस पाहून मत द्या, ही कल्पना आपल्याकडेही जुनी आणि आदरणीय आहे. गागोद्याच्या विनोबांनी पक्षमुक्त ग्रामराज्याचं स्वप्न पाहिलं, जयप्रकाशांनीही पक्षविरहित लोकशाहीचा ध्यास घेतला. महाराष्ट्रात ग्रामपंचायत आजही पक्षचिन्हावर लढली जात नाही. म्हणून सईद यांचं म्हणणं मराठी माणसाला चटकन पटण्यासारखं आहे, आणि म्हणूनच सावध राहायला हवं. आपल्याच गावांत काय होतं ते पाहा. चिन्ह नसलं तरी गट असतात. पॅनेल भावकी आणि पैसा ठरवतात. २०२० च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूक रद्द करावी लागली. पक्षाचा झेंडा खाली ठेवल्याने सत्ता निर्मळ होत नाही. ती फक्त कुणाच्या हातात आहे हे दिसेनासं होतं. गावपातळीवर हे निभावतं, कारण वर जिल्हा परिषद आहे, विधानसभा आहे, न्यायालयं आहेत. देशाच्या संसदेच्या वर कोण आहे?

मग निवडून आलेल्या संसदेने केलं काय? १३ मार्च २०२३ ला पहिली बैठक भरली, तेव्हा स्वतंत्र पत्रकारांना आत सोडलंच नाही. सरकारी दूरचित्रवाणी, रेडिओ आणि सरकारी वृत्तसंस्था एवढेच आत. त्यानंतरच्या दोन प्रसंगांकडे जरा थांबून पाहू. मला वाटतं या संसदेचं सगळं चरित्र त्या दोन प्रसंगांत आहे.

पहिला नोव्हेंबर २०२३ चा. गाझावर बॉम्ब पडत होते आणि ट्युनिशियात लोक पेटून उठले होते. इस्रायलशी संबंध जोडणं गुन्हा ठरवणारं विधेयक खासदारांनी आणलं. सईद यांनी २०१९ च्या प्रचारात असे संबंध म्हणजे घोर देशद्रोह असं ठणकावून सांगितलं होतं, तेव्हा अडथळा कुठून येणार? २ नोव्हेंबरला मतदान सुरू झालं. पहिली दोन कलमं मंजूरही झाली. मग सभापती इब्राहिम बूदरबाला यांनी सभागृहाला सांगितलं की राष्ट्राध्यक्षांच्या मते हे विधेयक देशाच्या बाह्य सुरक्षेला हानी पोचवेल. बैठक थांबली आणि विधेयक तिथेच अडकलं. विधेयक चांगलं की वाईट हा वेगळा वाद आहे. पण बहुमत असलेलं, चर्चा झालेलं, दोन कलमं पार केलेलं सभागृह एका निरोपाने गप्प होतं. त्या दिवशी खासदारांच्या मागे पक्षाचं बळ नव्हतं, मतदारांपुढे एकत्र दिलेला शब्द नव्हता. चिडलेले खासदार होते, पण त्यांची एकजूट व्हायला काही कारणच कायद्याने ठेवलं नव्हतं.

दुसरा प्रसंग २७ सप्टेंबर २०२४ चा. अध्यक्षीय निवडणुकीला नऊ दिवस उरले होते. प्रशासकीय न्यायालयाने तीन उमेदवारांना परत यादीत घ्या असा आदेश दिला होता, आयोगाने तो धुडकावला होता. आता याच न्यायालयाने निवडणूकच रद्द ठरवली तर? संसदेने त्या दिवशी कायदा बदलला आणि निवडणुकीच्या वादांतून प्रशासकीय न्यायालयाला बाहेर काढलं. बाजूने ११६, विरोधात १२. खेळ चालू असताना नियम बदलले गेले, आणि ते बदलण्यासाठी ज्या हातांची गरज होती ते हात डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ च्या त्या दोन फेऱ्यांतूनच निवडून आलेले होते.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो जड आहे. कुवेतमध्ये पक्षांना कायदेशीर मान्यता नाही, खासदार सुटे निवडून येतात, तरीही तिथल्या पन्नास निर्वाचित खासदारांनी मंत्र्यांना भर सभागृहात उलटतपासणीला उभं करून अनेकदा पायउतार व्हायला लावलं आहे. मग पक्षांशिवाय संसद दुबळीच, असं कसं म्हणता? याचं उत्तर कुवेतनेच दिलं. तिथले खासदार मंत्री पाडू शकत, सरकार बनवू शकत नव्हते. पंतप्रधान अमीर नेमणार, खासदारांनी अडवत राहायचं. वर्षानुवर्षं हाच खेळ, निवडणुकांवर निवडणुका, आणि कंटाळलेली जनता. एप्रिल २०२४ मध्ये निवडून आलेली संसद १० मे २०२४ ला अमिरांनी बरखास्त केली आणि घटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित ठेवली. आखातातली सर्वात जुनी, सर्वात वाचाळ संसद बंद झाली आणि रस्त्यावर फारसं काही घडलं नाही. तिच्यासाठी गल्लीगल्लीत माणसं जमवणारी संघटना कुणाकडे होती?

बहिष्काराबद्दलही बोलायला हवं. एन्नहदा ज्यात होता ती विरोधी आघाडी, अबीर मुसी यांचा पक्ष, डावे, अशा बहुतेक विरोधकांनी २०२२ ची निवडणूक नाकारली. या संसदेवर आमचा शिक्का नको, ही त्यांची भूमिका. नैतिकदृष्ट्या ती चोख होती, तरी मला ती पटत नाही. कमी मतदानाने निवडणूक रद्द होईल असा नियम कुठेच नव्हता. शंभरात अकरा आले काय आणि साठ आले काय, खासदार तेवढाच पक्का. अरब जगात याचे धडे ताजे होते. बहरीनमध्ये अल विफाक या मोठ्या विरोधी संघटनेकडे २०१० मध्ये ४० पैकी १८ जागा होत्या. २०११ मध्ये तिने राजीनामे दिले, २०१४ मध्ये बहिष्कार घातला, २०१६ मध्ये ती न्यायालयाच्या आदेशाने बरखास्तच झाली आणि २०१८ मध्ये तिच्या माजी सदस्यांना निवडणूक लढवायलाच बंदी आली. कुवेतच्या विरोधकांनी डिसेंबर २०१२ मध्ये बहिष्कार घातला आणि २०१६ मध्ये मुकाट्याने परत येऊन जवळपास निम्म्या जागा घेतल्या. ट्युनिशियात पक्षाला पक्ष म्हणून लढायला बंदी होती, पक्षाच्या माणसाला वैयक्तिक उभं राहायला नव्हती. चाळीस-पन्नास ठाम माणसं आत असती तर २७ सप्टेंबरचा कायदा कदाचित तरीही झाला असता, पण तो एका दुपारी झाला नसता.

सईद यांची नवी घटना अशी आहे की सरकारवर अविश्वास आणायचा तर दोन्ही सभागृहांतली मिळून दोन-तृतीयांश मतं लागतात. राष्ट्राध्यक्षांना हटवण्याची तरतूदच नाही. दुसरं सभागृह स्थानिक परिषदांतून वर येतं. त्या परिषदांची निवडणूक २४ डिसेंबर २०२३ ला झाली, तिथेही बारा टक्के मतदान झालं नाही. या चौकटीत आतून काही हलेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. जे व्हायचं ते विरोधी पक्षांमध्ये व्हायला हवं, आणि त्यांची अवस्था पाहून जीव तुटतो. घनुशी एप्रिल २०२३ मध्ये तुरुंगात गेले. त्यांच्या हाडवैरी मुसी यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटक झाली. एप्रिल २०२५ मध्ये ‘राज्याविरुद्ध कट’ या खटल्यात डाव्या, उदारमतवादी, इस्लामी अशा सगळ्या गोटांतल्या माणसांना शिक्षा ठोठावल्या गेल्या, त्याही थेट ६६ वर्षांपर्यंतच्या. सत्तेने त्यांच्यात भेद केला नाही. त्यांनी मात्र एकमेकांत तो इतका जपला की २०२२ मध्ये एकाच निवडणुकीवर बहिष्कार घालतानाही ते एका व्यासपीठावर येऊ शकले नाहीत.

२०१३ मध्ये हेच पक्ष दोन खुनांनंतरही एका टेबलाशी बसले होते, तेव्हा ते त्यांना जमत नाही असं कुणी म्हणू नये. बसले तर पहिल्यांदा बोलायला हवं ते घटना न्यायालयाबद्दल. संसदेने निवडायच्या त्या तीन नावांसाठी तेव्हा १४५ मतं जमली नाहीत, कारण प्रत्येकाला वाटलं आज ना उद्या आपली सत्ता येईल आणि मग आपलाच माणूस बसवू. आता कुणाकडेच सत्ता नाही. पुन्हा निवडून आलो तर पहिल्या वर्षाच्या आत न्यायालय उभं करू, आणि समोरच्या छावणीने सुचवलेल्या न्यायाधीशाला निव्वळ तो समोरच्यांचा म्हणून अडवणार नाही, एवढं दोन्ही बाजूंनी आत्ताच, विरोधात असताना, लेखी द्यावं.